आठव्या दिवसाचा फोन

एका तालुक्याच्या गावात एक दवाखाना होता. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही म्हणाल, असं तिकडेच घडतं, आमच्याकडे नाही. दवाखाना दुमजली होता, वीस खाटांचा. डॉक्टर कुलथे पोटाची ऑपरेशनं करायचे आणि त्यांच्या हाताला यश होतं. लांबलांबच्या खेड्यांतून माणसं त्यांचं नाव विचारत यायची.

डॉक्टरांना एक गोष्ट अनुभवाने कळली होती. टाके घातले म्हणजे ऑपरेशन संपलं असं होत नाही. माणूस घरी जातो आणि मग त्याला ताप येतो, टाका पिकतो, पोट फुगतं. खेड्यातली माणसं सोसत बसतात. ‘होईल कमी’ म्हणतात. होईल कमी, होईल कमी करता करता प्रकरण हाताबाहेर जातं. म्हणून डॉक्टरांनी एक रीत घालून दिली. पेशंट घरी गेला की तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या दिवशी दवाखान्यातून त्याला फोन करायचा. ताप आहे का, टाक्यातून पाणी येतं का, जेवण जातं का, लघवी साफ होते का, असे दहा प्रश्न विचारायचे आणि उत्तरं एका मोठ्या वहीत लिहायची. एक जरी उत्तर वावगं आलं तरी त्याला त्याच दिवशी बोलावून घ्यायचं. या फोनमुळे पुष्कळ जीव वाचले, हे आधीच सांगून ठेवतो. रीत चांगली होती.

फोन करायचं काम प्रमिला सिस्टरांकडे होतं. त्यांची नोकरी वीस वर्षांची. आवाज असा की निम्मं दुखणं ऐकूनच कमी व्हावं. पेशंटची नावं तर सोडाच, पेशंटच्या नातवंडांची नावंसुद्धा त्यांच्या लक्षात असायची. त्या कामचुकार होत्या असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. वाईट माणसाची गोष्ट सांगायला सोपी जाते, ही तशी नाही.

तर या दवाखान्यात भागाबाई नावाची एक बाई आली. वय चाळीसच्या आसपास. नवरा सोपान आठवड्याच्या बाजारांत बांगड्या विकायचा. आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा. भागाबाईने दोन वर्षं पोटातलं दुखणं लपवलं होतं. नवऱ्याशी बोलायची लाज आणि पुरुष डॉक्टरांशी तर त्याहून लाज. शेवटी प्रमिला सिस्टरांनी तिला पडद्याआड नेलं, हात हातात घेतला, गोड बोलून सगळं काढून घेतलं. गर्भाची पिशवी खराब झाली होती. डॉक्टरांनी ऑपरेशन करून ती काढली. ऑपरेशन उत्तम झालं.

घरी जायच्या दिवशी सिस्टरांनी भागाबाईला समजावून सांगितलं, “तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या दिवशी मी फोन करीन. काय होत असेल ते सगळं सांगायचं. अंगावरून पाणी जातंय का, त्याला वास येतो का, तेसुद्धा. माझ्याशी लाजायचं नाही.”

“तुमीच करणार न्हवं?” भागाबाईने विचारलं.

“मीच.”

“मंग सांगीन.”

वहीत नंबर लिहिला गेला तो सोपानचा. घरात फोन एकच, आणि तो सोपानच्या खिशात. ही गोष्ट सिस्टरांना माहीत नव्हती असं नाही. निम्म्या पेशंटांचं असंच होतं.

तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी फोन लावला. सोपान बाजारात बसला होता. समोर बायकांची गर्दी, एका बाईचा हात त्याच्या हातात, बांगडी मनगटापाशी अडलेली. त्याने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला.

“दादा, भागाबाई कशा आहेत?”

“बरी हाय की.”

“ताप?”

“न्हाई.”

“अंगावरून घाण जाते का? वास वगैरे?”

सोपानचे कान तापले. समोर सात-आठ बाया बसलेल्या. असल्या गोष्टी त्याने बायकोलाही कधी विचारल्या नव्हत्या. भर बाजारात तो काय बोलणार? “न्हाई न्हाई, तसलं काय न्हाई. येकदम बेस हाय,” तो घाईघाईने म्हणाला. सकाळी तिने भाकरी केली होती एवढंच त्याने पाहिलं होतं. त्यावरून बेस.

“त्यांना देता का फोन?”

“मी बाजारात हाय बाई.”

“बरं,” सिस्टर म्हणाल्या. त्यांनी वहीत लिहिलं: ताप नाही, तक्रार नाही. ‘कोण बोललं’ या रकान्यात लिहिलं: पती.

आता इथे त्यांना एवढंच म्हणता आलं असतं की दादा, संध्याकाळी घरी गेलात की मला लावून द्या. पण संध्याकाळी त्यांची ड्युटी संपायची, आणि पुढचं नाव वाट बघत होतं.

संध्याकाळी सोपान घरी आला. भागाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिने पहिलं तेच विचारलं, “दवाखान्याचा फोन आला हुता का?”

“आला हुता. सांगितलं मी, बरी हाय म्हनून.”

“मला बोलायचं हुतं वो त्यांच्याशी.”

“काय हुतंय का तुला?”

भागाबाईच्या अंगावरून पाणी जात होतं आणि त्याला वास येत होता. पण हे नवऱ्याला काय सांगणार? ते सिस्टरबाईंना सांगायचं होतं. “काय न्हाई,” ती म्हणाली. “आता पाचव्या दिवशी येईल.”

पाचव्या दिवशीही बाजारच होता. त्या दिवशी सोपानने प्रश्न पुरते ऐकूनही घेतले नाहीत. “बरी हाय बाई, तुमच्या डाक्टरांच्या हाताला यश हाय,” तो म्हणाला. ज्या डॉक्टरांनी देवासारखं येऊन वाचवलं, त्यांच्या माणसाला ‘बरं नाही’ म्हणायचं कसं, असंही त्याला वाटत असे. आपल्याकडे हे फार. डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून माणसं दुखणं गिळतात. सिस्टरही खूश झाल्या. वहीत पुन्हा ‘पती’, पुन्हा ‘तक्रार नाही’.

सहाव्या दिवशी भागाबाईला थंडी वाजून आली. सातव्या दिवशी पोट टणक लागायला लागलं. शेजारची जैतूनबी रोज डोकवायची. ती म्हणाली, “भागा, तुझा चेहरा बघवत न्हाई. चल, जीपनं जाऊ दवाखान्यात.”

“उद्या आठवा दिवस हाय. उद्या फोन येनार. इचारून मग जाऊ.”

“मग आपणच लावू की फोन. कागदावर नंबर हाय.”

“नको गं. त्यांनी दिवस नेमून दिलाय. मधीच कशाला तरास द्यायचा?”

मला विचाराल तर या बाईचा राग येतो. आणि राग आला की लगेच वाईटही वाटतं. तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं होतं की मी विचारीन, तू सांग. तिने तो शब्द घट्ट धरून ठेवला होता.

त्या रात्री मात्र तिने नवऱ्याला निक्षून सांगितलं, “उद्या फोन घरी ठिवून जा. मला बोलायचं हाय.” ती कधी असं बोलत नसे. सोपानने सकाळी फोन तिच्या हातात दिला आणि तो बाजाराला गेला.

त्या घरात रेंज यायची ती फक्त उंबऱ्यापाशी. भागाबाईने गोधडी ओढत ओढत दारापर्यंत नेली आणि फोन मांडीवर घेऊन ती उंबऱ्याला टेकून बसली. काय काय सांगायचं ते तिने मनाशी जुळवून ठेवलं होतं. पाणी जातं. वास येतो. परवापासून थंडी वाजते. पोट दगडासारखं झालंय. घोट घोट पाणीच जातं, दुसरं काही नाही. यातलं काही राहू नये म्हणून ती पुन्हा पुन्हा पुटपुटत होती.

अकराच्या सुमारास फोन वाजला. तिने झटकन कानाला लावला. तो तिचा भाऊ काशिनाथ होता, बहिणीची खुशाली विचारायला.

“काशी, ठिव. दवाखान्याचा फोन यायचाय. त्यांना लागनार न्हाई,” ती म्हणाली आणि तिनेच बंद केला.

जैतूनबी दुपारपर्यंत तिच्यापाशी बसली. मग स्वतःच्या घरची कामं होती म्हणून गेली. जाताना म्हणाली, “येईल हां फोन. मी चारला परत येते.”

आता दवाखान्यात काय चाललं होतं ते सांगतो. त्याच दिवशी जिल्ह्याहून चार मोठी माणसं दवाखाना बघायला येणार होती. ऑपरेशननंतर फोन करणारा दवाखाना म्हणून त्यांना ही वहीच बघायची होती. सकाळपासून जिने धुतले जात होते, चादरी बदलल्या जात होत्या. डॉक्टर सिस्टरांना म्हणाले, “तीन वाजता मंडळी येतील. वहीत एक रकाना रिकामा दिसता कामा नये.”

एक वाजला तेव्हा सिस्टरांचे एकोणीस फोन बाकी होते. त्यांनी भराभर लावायला सुरुवात केली. काही लागले, काही लागले नाहीत. दोन वाजून गेले तरी अकरा नावं उरलीच. सिस्टरांनी त्या अकरांचे मागचे रकाने बघितले. ज्यांच्या आधी तक्रारी होत्या त्यांना त्यांनी फोन केले. एवढी त्यांची बुद्धी त्या घाईतही शाबूत होती. राहिली सहा नावं. या सहांची दोन्ही वेळची उत्तरं चांगली होती. त्यांत भागाबाई होती.

‘या घरचं काही नसतं,’ सिस्टर मनात म्हणाल्या. ‘विचारलं तरी तेच सांगणार.’

त्यांनी पेन उचललं. ताप नाही. तक्रार नाही. जेवण व्यवस्थित. आता ‘कोण बोललं’चा रकाना आला. तिथे आधी दोनदा ‘पती’ लिहिलेलं. तिन्ही वेळा ‘पती’ बरं दिसलं नसतं. त्यांनी लिहिलं: पेशंट स्वतः.

तीन वाजता मंडळी आली. वही चाळली. त्यातला एक जण म्हणाला की असं काम आम्ही कुठे पाहिलं नाही. डॉक्टरांनी सिस्टरांना पुढे बोलावून त्यांची ओळख करून दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढला, पेढे वाटले. सिस्टरांनी पेढा खाल्ला. त्या वेळी भागाबाई उंबऱ्यावर बसलेली होती.

चार वाजता जैतूनबी परत आली तेव्हा भागाबाईला थंडीने हुडहुडी भरली होती. डोळे उघडे, पण ओळख लागत नव्हती. फोन दोन्ही हातांनी धरलेला. “आला का गं फोन?” जैतूनबीने विचारलं. भागाबाईला उत्तर देता आलं नाही. जैतूनबीने तिच्या हातातून फोन सोडवला, बाजारातल्या ओळखीच्या दुकानदारामार्फत सोपानला निरोप धाडला आणि स्वतः जीप ठरवली. संध्याकाळी सगळे दवाखान्यात पोचले.

डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. लगेच पोट पुन्हा उघडावं लागलं. आत पू भरला होता आणि त्याचं विष रक्तात गेलं होतं. पाच दिवस आधी आली असती तर नुसत्या इंजेक्शनांवर भागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागाबाई थोडी शुद्धीवर आली. सिस्टर सलाईन बदलत होत्या. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. भागाबाईने त्यांना ओळखलं. “तुमची लई वाट बगितली, बाई,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

“बोलू नका. पडून राहा,” सिस्टर म्हणाल्या. त्या बाहेर आल्या आणि औषधांच्या कपाटासमोर नुसत्याच उभ्या राहिल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी भागाबाई गेली.

डॉक्टरांनी सोपानला आणि खबर मिळून आलेल्या काशिनाथला आपल्या खोलीत बोलावलं. सिस्टरही तिथे होत्या. डॉक्टर कष्टी होते, आणि रागावलेलेही होते. “इतका उशीर का केलात? आम्ही फोन कशासाठी करतो?” असं म्हणून त्यांनी वही मागवली. “सिस्टर, वाचा.”

सिस्टरांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं वाचलं. तिसरा दिवस, पती, तक्रार नाही. पाचवा दिवस, पती, तक्रार नाही. आठवा दिवस, पेशंट स्वतः, तक्रार नाही.

काशिनाथ मेव्हण्याकडे वळला. “फोन तिच्याजवळ ठेवला होतास ना?”

“ठिवला हुता. तिनंच मागून घेतला.”

“आणि फोन आल्यावर ती काय म्हणाली? तक्रार न्हाई?”

फोनमध्ये बघितलं असतं तर दिसलं असतं की त्या दिवशी दवाखान्याचा फोन आलाच नव्हता. पण दवाखान्याच्या वहीवर शंका कोण घेणार? जैतूनबीही म्हणाली होती की मी दुपारी घरी गेले, तेवढ्यात आला असेल.

सोपान जमिनीकडे बघत म्हणाला, “लपवलं असंल तिनं. लपवायची सवयच हुती. माजा बाजार बुडू नये म्हनून बरी हाय म्हनली असंल.”

काशिनाथच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा राग मेलेल्या बहिणीवरच गेला. “एवढं आपणहून फोन करून विचारलं लोकांनी, आणि ही खोटं बोलली. असं कुणी करतं का?”

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. “पेशंटच लपवतो तिथे आम्ही काय करणार?” ते म्हणाले आणि त्यांनी वही मिटली.

सगळं मिटलं होतं बघा. डॉक्टर सुटले, वही सुटली, सिस्टर सुटल्या. दोष ठरला भागाबाईचा, आणि ती काही उठून बोलणार नव्हती. सिस्टरांनी नुसतं गप्प राहायचं होतं. घरी त्यांना म्हातारी आई होती, पाच वर्षांची नोकरी उरली होती. आणखी घटकाभर तोंड मिटून ठेवलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं.

पण त्यांच्या समोर एक नवरा आपल्या बायकोला खोटारडी ठरवून उठायला निघाला होता. ते मात्र त्यांना सोसवलं नाही.

“त्या खोटं बोलल्या नाहीत,” सिस्टर म्हणाल्या. “त्यांना कुणी विचारलंच नाही. मी आठव्या दिवशी फोन केला नाही. हे मी बसल्या जागी लिहिलंय.”

काशिनाथने खुर्चीचा हात घट्ट धरला. तो मारायला उठेल असं वाटलं, पण तो उठला नाही. सोपान एकटक सिस्टरांकडे बघत होता. मग त्याने अगदी साधेपणाने विचारलं, “एका फोनला किती येळ लागतो, बाई?”

सिस्टरांना उत्तर द्यावंच लागलं. “तीन मिनिटं.”

“तीन,” सोपान म्हणाला. “मीबी दोनदा तेवढा येळ दिला न्हाई.”

तो उठला, टोपी नीट केली आणि भागाबाईला घरी न्यायला खाली गेला.

तात्पर्य: ‘मी विचारीन’ असा शब्द ज्याला दिला, त्याला विचारा, आणि त्याच्याच तोंडून ऐका. तो तुमच्या शब्दावर विसंबून दुसरं कुठलंही दार ठोठावत नाही. न विचारता ‘बरं आहे’ लिहिणारा आणि न बघता ‘बरं आहे’ सांगणारा, दोघेही त्याच्या मरणाला सारखेच जबाबदार असतात.